ऑक्सिजन सेन्सर बदलूनही चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागतो तेव्हा

डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावल्यावर ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवणारा कोड निघतो, सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो आणि आठ-दहा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. माझ्या पेट्रोल गाडीत हा प्रकार लागोपाठ दोनदा झाला. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण फार लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. वर्कशॉपने पुढचा सेन्सर बदलला आणि नवव्या दिवशी दिवा परत आला. नवा सेन्सरच खराब निघाला असावा असे ठरले, वॉरंटीत तोही बदलून मिळाला, तरी दिवा आलाच. या काळात मायलेज घटत होते. शिवाय सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे बॉनेटखालून बारीक टिकटिक ऐकू यायची आणि मग आपोआप थांबायची. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा आवाज असेल असे समजून मी ती सोडून दिली होती.

त्या टिकटिकीकडे पुढे येतो. या बिघाडाची गाठ सोडवायची असेल तर सेन्सर नेमके काय मोजतो हे आधी स्पष्ट असावे लागते, कारण पुन्हा पुन्हा येणाऱ्या दिव्यांच्या बऱ्याच प्रकरणांत सेन्सर खरे तेच सांगत असतो आणि आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो.

सेन्सरला काय दिसते

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. या अवस्थेला लॅम्बडा १ म्हणतात. हवा यापेक्षा कमी असेल तर मिश्रण रिच आणि जास्त असेल तर लीन. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन जाळणे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणे ही कामे एकाच वेळी करायची असतात, आणि मिश्रण लॅम्बडा १च्या अगदी आसपास राहिले तरच ती सगळी नीट होतात. म्हणून ईसीयूला, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला, एक्झॉस्टमधून सतत खबर लागते आणि ती देण्याचे काम ऑक्सिजन सेन्सरचे असते. १९७६ साली बॉशने बनवलेला असा सेन्सर व्होल्व्होच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम बसला. त्यानंतर त्याची बनावट पुष्कळ सुधारली, परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही.

जुन्या आणि अजूनही सर्रास आढळणाऱ्या प्रकारात झिर्कोनियम ऑक्साइडची (झिर्कोनियाची), अंगुस्तानासारख्या आकाराची सिरॅमिकची टोपी असते. तिच्या दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरच्या अंगाला एक्झॉस्टचा वायू लागतो आणि आतल्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. ही टोपी ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. रिच मिश्रणात तो ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो, लीन मिश्रणात ०.१ ते ०.२ व्होल्ट, आणि ०.४५ व्होल्ट ही सीमारेषा मानतात. मधल्या पायऱ्या जवळजवळ नसतातच. लॅम्बडा १ ओलांडताच आकडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उडी मारतो. त्यामुळे ईसीयू थोडे पेट्रोल वाढवतो, सेन्सर ‘रिच’ म्हणतो, ईसीयू थोडे कमी करतो, सेन्सर ‘लीन’ म्हणतो, आणि चांगल्या सेन्सरचा आकडा गरम इंजिनावर असा सारखा झोके घेत राहतो.

यातली कळीची बाब अशी की या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरला असेल तर तो ‘लीन’ म्हणणार, मग तो ऑक्सिजन कुठूनही आलेला असो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. प्रत्यक्षात एक्झॉस्टमध्ये कच्चे पेट्रोल वाहत असते, परंतु सेन्सर मात्र न वापरलेला ऑक्सिजन पाहून लीन मिश्रणाची तक्रार करतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल आणि तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरीही तेच घडते. ईसीयू त्या खबरेवर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत जातो, आणि लीनचा कोड दाखवणारी गाडी प्रत्यक्षात रिच चालू लागते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड, म्हणजे एअर-फ्युएल रेशो सेन्सर असतो. तो उड्या मारत नाही. मिश्रण किती रिच वा किती लीन आहे हे तो प्रमाणात सांगतो. अनेक जपानी गाड्यांत लॅम्बडा १ला त्याचे रीडिंग ३.३ व्होल्टच्या जवळ असते आणि लीनकडे जाताना ते वाढते, म्हणजे जुन्या सेन्सरच्या नेमके उलट. ‘आकडा हलत नाही, सेन्सर मेला’ असा निष्कर्ष काढून चांगला वाइडबँड सेन्सर फेकून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याखेरीज मल्टिमीटर हातात घेऊ नये.

कोड वाचताना

सेन्सरच्या जागा ‘बँक’ आणि ‘सेन्सर’ या दोन आकड्यांनी सांगितल्या जातात. ज्या बाजूला पहिल्या क्रमांकाचा सिलिंडर असतो ती बँक १. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा तेवढी एकच बँक असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा तो सेन्सर १ आणि नंतरचा तो सेन्सर २. व्ही आकाराच्या इंजिनात बँक १ कोणती हे अंदाजाने ठरवून भलताच सेन्सर बदलला जातो, आणि मग दिवा परत आला याचे आश्चर्य वाटते.

कोडचेही दोन वर्ग मनात वेगळे ठेवावेत. पी०१३० ते पी०१३५ हे बँक १च्या पुढच्या सेन्सरविषयी थेट बोलतात: पी०१३१ म्हणजे विद्युतदाब सतत कमी, पी०१३२ म्हणजे सतत जास्त, पी०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही आणि पी०१३५ म्हणजे सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड पी०१४१. याउलट पी०१७१, पी०१७२ आणि पी०४२० हे कोड सेन्सरने *कळवलेल्या* स्थितीविषयी आहेत: मिश्रण लीन, मिश्रण रिच, कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपुरी. दुसऱ्या वर्गातला कोड पाहून सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. पहिल्या वर्गातसुद्धा सेन्सर निश्चित दोषी धरता येतो असे नाही, कारण पी०१३१ एक्झॉस्टच्या गळतीनेही येतो आणि पी०१३५ फ्यूज उडाल्यानेही येतो. निव्वळ म्हातारपणाचा म्हणता येईल असा कोड पी०१३३; सेन्सरचे लाखभर किलोमीटर झाले असतील आणि तो आला असेल, तर मी फारसा वाद न घालता सेन्सर बदलतो.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम अवश्य लिहून ठेवावी. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान, लोड, वेग आणि फ्युएल ट्रिम किती होते याची ती नोंद असते, आणि कोड पुसताच तीही जाते. वर्कशॉपमध्ये गाडी देताना बहुतेक वेळा हीच माहिती हरवते.

फ्युएल ट्रिम

साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमचे आकडे दिसतात. ईसीयूने आपल्या ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले वा कमी केले, ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर चिंता नसते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: १४.७ हा आकडा निव्वळ पेट्रोलचा आहे. १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १४.१ भाग हवा पुरते, त्यामुळे केवळ इंधन बदलल्यानेही ट्रिम काही टक्क्यांनी अधिककडे सरकू शकते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

खरी माहिती मिळते ती ट्रिम दोन परिस्थितींत मोजल्यावर. इंजिन पूर्ण गरम करून आधी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आकडा पाहावा आणि मग मिनिटाला २५०० फेऱ्यांवर स्थिर धरून पाहावा. माझ्या गाडीत लाँग टर्म ट्रिम आयडलला अधिक १९ होती आणि २५०० फेऱ्यांवर ती अधिक ६ वर आली. फेरे वाढल्यावर दोष विरतो याचा अर्थ कुठून तरी ठरावीक, थोडी हवा शिरते आहे: आयडलला इंजिन स्वतःच थोडी हवा घेत असते, त्यामुळे ती चोरटी हवा मोठी ठरते, आणि फेरे वाढले की एकूण प्रवाहात तिचा वाटा नगण्य होतो. याउलट आयडलला सगळे ठीक आणि लोड वाढल्यावर ट्रिम वर चढते असे दिसले, तर हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर मळलेला असणे, फ्युएल फिल्टर तुंबणे किंवा पंपाचा दाब कमी पडणे यांकडे पाहावे लागते.

आता चोरटी हवा दोन ठिकाणी शिरू शकते. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला, म्हणजे तडकलेली व्हॅक्यूम नळी, सुटलेला क्लिप, चपटे झालेले गॅस्केट. नाहीतर एक्झॉस्टच्या बाजूला, सेन्सरच्या आधी. स्कॅनरवर या दोन्ही गळत्या अगदी जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. त्यांच्यातला फरक मला ज्या ठिकाणी सापडला तिथे सहसा कोणी पाहत नाही. मी स्पार्क प्लग काढले. इनटेकच्या गळतीत मिश्रण खरोखरच लीन झालेले असते आणि ईसीयूने वाढवलेले पेट्रोल ती उणीव भरून काढते, त्यामुळे प्लगची टोके नेहमीसारखी फिकट तपकिरी राहतात. माझे चारही प्लग काळे होते, बोटाला कोरडी काजळी लागत होती. कोड ‘लीन’ म्हणत होता आणि प्लग ‘रिच’ म्हणत होते. दोन्ही खरे असण्याची एकच सोपी शक्यता उरते: हवा इंजिनात न जाता इंजिनाच्या पुढे, एक्झॉस्टमध्ये शिरत होती.

मग ती टिकटिक आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचे पत्र्याचे आवरण काढले, तर चौथ्या सिलिंडरच्या बाजूला सिलिंडर हेडला चिकटून काळा ओघळ दिसला, चिमणीच्या तोंडाशी असतो तसा. तिथला मॅनिफोल्ड आवळून धरणारा एक स्टड हेडच्या पृष्ठभागालगत तुटलेला होता. इंजिन तापले की धातू फुगून फट जवळजवळ मिटायची, म्हणून आवाज थांबायचा. पण एक्झॉस्टच्या प्रत्येक धक्क्यामागून क्षणभर दाब उणा होतो आणि त्या उरल्यासुरल्या फटीतून हवा आत ओढली जायचीच. तुटलेला स्टड काढून नवा बसवला, गॅस्केट बदलले, आणि आठवडाभरात आयडलची ट्रिम अधिक ३ वर स्थिरावली. पहिला काढून टाकलेला सेन्सर निर्दोष होता. तो मी अजून जपून ठेवला आहे.

इनटेकची गळती शोधण्यासाठी कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत सर्वांना माहीत असते, परंतु तो द्रव ज्वलनशील असतो आणि तापलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हातभर अंतरावर असते, त्यामुळे मी ती सुचवत नाही. धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र ज्या वर्कशॉपकडे आहे तिथे जाणे उत्तम. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडची गळती त्याने दिसते.

सेन्सर प्रामाणिक आहे की नाही हे तपासण्याचा उपाय असा की, मिश्रण आपण स्वतः बदलावे आणि तो ओळखतो का पाहावे. झिर्कोनिया सेन्सर असलेल्या गरम इंजिनावर फेरे २००० वर धरून एखादी लहान व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली तर आकडा ०.२ व्होल्टच्या खाली यायला हवा. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला तर तो लगेच ०.८च्या वर जायला हवा. दोन्हीकडे चटकन जाणारा सेन्सर चांगला आहे, मग कोड काहीही म्हणो. मल्टिमीटरने मोजायचे असेल तर तो डिजिटल आणि १० मेगाओहम अंतर्गत रोधाचाच असावा, आणि तारेचे आवरण न टोचता कनेक्टरच्या मागून पिन लावावी. जुना काटेवाला मीटर सेन्सरचा क्षीण विद्युतदाब स्वतःच खाऊन टाकतो.

हीटर आणि तारा

पी०१३५ किंवा पी०१४१ पुन्हा पुन्हा येत असेल तर हा भाग वाचावा. इतरांनी पुढे गेले तरी चालेल. सेन्सर लवकर तापावा म्हणून त्यात हीटर असतो आणि चार तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा बहुधा त्याच्या असतात, बॉशच्या सेन्सरमध्ये पांढऱ्या. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या त्या दोन पिनांत थंड अवस्थेत रोध मोजला तर तो काही ओहम, फार तर वीसेक ओहम भरतो. मीटरवर अनंत दिसले तर हीटर तुटलेला आहे आणि विषय संपला. आकडा ठीक असेल तर दोष गाडीच्या बाजूला शोधावा: फ्यूज, रिले, कनेक्टरमधली हिरवी पडलेली पिन, आणि तार. हीटरला १२ व्होल्ट मिळतात का हे पाहताना एक अडचण येते. पुष्कळ गाड्यांत ईसीयू हीटरची अर्थिंगची बाजू तुकड्या-तुकड्याने चालू-बंद करतो, आणि थंड एक्झॉस्टमधले पाण्याचे थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकू नये म्हणून सुरुवातीला पूर्ण ताकद देतही नाही. त्यामुळे मीटरवर चढउतार दिसला म्हणून लगेच ईसीयूवर ठपका ठेवू नये.

एका परिचिताच्या गाडीत पी०१३५ तीन वेळा आला आणि दोन सेन्सर बदलले गेले. दर वेळी फ्यूजही उडालेला असायचा आणि दर वेळी नवा घातला जायचा. तो का उडतो हे कोणी विचारले नव्हते. सेन्सरची तार ज्या प्लास्टिकच्या पकडीत अडकलेली असते ती पहिल्या दुरुस्तीतच तुटली होती आणि तार लोंबत एक्झॉस्टला टेकत होती. आवरण नाण्याएवढ्या भागात वितळले होते, आतली तांब्याची तार काळवंडलेली दिसत होती. खड्ड्यातून गेले की ती टेकायची, फ्यूज जायचा. सेन्सर बदलताना तारेची वाट आणि तिची पकड जशी होती तशी परत बसवणे हे सेन्सरइतकेच महत्त्वाचे आहे.

काढलेल्या सेन्सरचे टोक

जुना सेन्सर काढल्यावर तो कचऱ्यात टाकण्याआधी उजेडात धरून पाहावा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दीर्घकाळ रिच होते. तपकिरी-करडा, चिकट थर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. पांढरट, खरखरीत थर असेल तर कूलंट ज्वलनकक्षात शिरत असल्याची शंका घ्यावी. पांढरी, पिठासारखी चकाकती पूड बहुतेक वेळा सिलिकॉनची असते, आणि तिचा उगम फार अनपेक्षित ठिकाणी सापडतो: कोणीतरी टॅपेट कव्हर बसवताना साधे सिलिकॉन सीलंट वापरलेले असते, त्याची वाफ क्रँककेसच्या वायूबरोबर इनटेकमध्ये जाते, इंजिनात जळते आणि तिची वाळू होऊन सेन्सरची छिद्रे बुजवते. सेन्सरला सुरक्षित असे लिहिलेले सीलंट वेगळे मिळते. ही कारणे दूर केल्याशिवाय बसवलेला नवा सेन्सर जुन्याच्याच वाटेने जातो. सेन्सर पेट्रोलने धुऊन, ब्रशने घासून परत लावण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. त्याने वरची काजळी जाते, छिद्रांतली जात नाही.

बदलायचाच असेल तर

शक्यतो आपल्या मॉडेलसाठी तयार कनेक्टरसह येणारा सेन्सर घ्यावा. तारा जोडून बसवण्याचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर स्वस्त असतो, परंतु पुष्कळ झिर्कोनिया सेन्सरना तुलनेसाठी लागणारी स्वच्छ हवा तारांच्या आवरणातल्या बारीक जागेतूनच आत पोचते. जोडावर डाग दिला की ती वाट बंद होऊ शकते. म्हणून तारा दाबून बसवायच्या जोडांनीच जोडतात. याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये आणि क्लीनर फवारू नये.

काम करताना इंजिन कोमट असावे. पूर्ण थंड असेल तर आटे घट्ट धरून बसतात आणि गरम असेल तर हात भाजतो. बॅटरीचे उणे टोक सोडवावे, कनेक्टरचे कुलूप दाबून वेगळे करावे, आणि पेनिट्रेटिंग ऑइल आट्यांच्या मुळाशी सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. तारेसाठी उभी खाच असलेला खास सॉकेट मिळतो आणि अडचणीच्या जागी तोच कामाला येतो. सेन्सर सुटायला नकार देत असेल तर एकाच दिशेने जोर न लावता किंचित आवळावे, किंचित सोडावे, पुन्हा ऑइल द्यावे. आटे कुरकुरत, खरडत बाहेर येत असतील तर भोकातून १८ गुणिले १.५ मिलिमीटरचा टॅप हलक्या हाताने फिरवून ते साफ करावेत.

नवा सेन्सर पडू देऊ नये. बाहेरून धातूचा दिसत असला तरी आत सिरॅमिक आहे, आणि जमिनीवर पडलेला सेन्सर वरून धडधाकट दिसूनही आतून तडकलेला असू शकतो. टोकाला बोट, ऑइल, ग्रीस काहीही लावू नये. पुष्कळ सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातच अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे मलम, लावलेले असते. नसेल तर सेन्सरसोबत आलेलेच वापरावे आणि ते आट्यांपुरतेच ठेवावे. आधी हाताने पूर्ण फिरवून मग टॉर्क पान्याने साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावे; मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. कनेक्टर सगळ्यात शेवटी जोडावा, म्हणजे आवळताना तारेला पीळ पडत नाही.

पी०४२० आल्यावर मागचा सेन्सर बदलण्याचा मोह होतो, म्हणून तेवढे सांगतो. मागचा सेन्सर कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर गरम इंजिनावर त्याचा आकडा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास स्थिर राहतो, आणि तो पुढच्या सेन्सरसारखाच झोके घेऊ लागला तर कन्व्हर्टर थकत आल्याचे ते चिन्ह आहे. तिथे नवा सेन्सरही तेच झोके दाखवणार. मात्र कन्व्हर्टरच्या खर्चात पडण्याआधी गळती आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे) नाही याची खात्री करावी, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याला भाजून काढते. ते थांबवले नाही तर नवा कन्व्हर्टरही टिकत नाही.

दिवा परत आला तर केव्हा आला हे पाहावे

काम झाल्यावर कोड पुसावा, लाँग टर्म ट्रिम शून्यावर आणण्याची सोय स्कॅनरमध्ये असेल तर ती वापरावी, आणि गाडी शहरातल्या व मोकळ्या रस्त्यावर अशी दोन्हीकडे काही दिवस चालवावी. सेन्सरच्या आणि कन्व्हर्टरच्या स्वतःच्या चाचण्या ईसीयू ठरावीक परिस्थितीतच घेतो. स्कॅनरवर त्या ‘पूर्ण’ झाल्या असे दिसेपर्यंत दिवा बंद असण्याला अर्थ नसतो. बहुतेक कोड गाडीच्या एका फेरीत (इंजिन सुरू करून चालवून बंद करेपर्यंत) दोष आढळला की आधी प्रलंबित म्हणून नोंदले जातात आणि पुढच्या फेरीत तो पुन्हा आढळला तरच दिवा लागतो. म्हणून दिवा लागण्याची वाट न पाहता तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रलंबित कोड पाहावेत. पहिल्याच फेरीत हीटरचा कोड नोंदला गेला असेल तर कनेक्टर, फ्यूज आणि तार यांच्याकडे परत जावे. आठवड्याभराने पी०१७१ आला असेल आणि लाँग टर्म ट्रिम दिवसेंदिवस हळूहळू वर चढत गेलेली दिसत असेल, तर गळती अजून शिल्लक आहे. तेव्हा प्लग काढून त्यांचा रंग पाहावा आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना बॉनेट उघडे ठेवून कान द्यावा.